माटोळीसाठी पाईप कापला त्याची गोष्ट

गेल्या कित्येक दिवसांत ब्लॉगवर काही टाकलं नाही, आणि आता टाकतेय ते पण पाईप कापण्याबद्दल, त्यामुळे ज्यांना रेसिपी हवी होती त्यांनी थोडी कळ काढा.

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती, शनिवारी. आमचं गावचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. दरवर्षी गणपती तिकडेच, पण त्या जुलैच्या पावसात मागची मातीची भिंत बसली आणि गणपती फोंड्याच्या फ्लॅटवर आणायचं ठरलं. सगळं ठरलं, मखर ठरलं, भटजी ठरले, मग आईंनी (म्हणजे सासूबाई) वर सिलिंगकडे बघून विचारलं, माटोळी कुठे बांधायची?

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला त्या हंगामातली रानातली-कुळागरातली फळं, शेंगा, पानं बांधतात. गावच्या घरी तिच्यासाठी वाशांना पिढ्यान्‌पिढ्यांचे आकडे आहेत. फ्लॅटला स्लॅब, त्यात भाड्याचा, घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही तर स्लॅबला ड्रिल काय मारू देणार. आणि माटोळी हलकी नसते हो, नारळाची पेंड (म्हणजे घोस), केळीचा घड, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंगण असं सगळं मिळून एका माणसाला उचलत नाही. पडद्याच्या रॉडवर भागणार नव्हतं.

उपाय बाबांनी काढला. बाबा म्हणजे माझे सासरे, खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसले ते बसले. हात आता थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, पण डोकं मात्र अजून ड्युटीवर आहे. त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गोलपोस्ट काढला. दोन खांब सात-सात फुटांचे, वर आडवा पाच फुटांचा, कोपऱ्यांना एल्बो. खाली पाया म्हणून सोसायटीतल्या मुलांच्या बॅडमिंटन नेटचे डबे, म्हणजे ऑइल पेंटच्या डब्यात काँक्रीट भरून मधे सव्वा इंची पाईपचा तुकडा उभा केलेला असतो ना, ते. एक इंची पाईप त्यात बरोब्बर उतरतो. मी म्हटलं कसं काय, एक इंच आणि सव्वा इंच यात एवढाच फरक? तर म्हणे एक इंची पाईप एक इंचाचा नसतोच. बाहेरून मोजला तर ३३.७ मिलिमीटर भरतो, म्हणजे सव्वा इंचाच्याही वर. ते इंच नुसतं नाव, आतल्या पोकळीवरून पूर्वी कधीतरी पडलेलं. आणि सव्वा इंची पाईपची आतली पोकळी ३६ च्या आसपास. लग्नाला चौदा वर्षं झाली, दिवसातून दहा वेळा नळ उघडते, हे मला माहीत नव्हतं.

नवरा वेर्ण्याला शिफ्टमध्ये, त्याला चवथीची सुट्टी शुक्रवारपासून. त्यामुळे बुधवारी पाईप आणायला मी आणि सातवीतली लेक. दुकानात पाईपवर रंगाचे पट्टे असतात ते बघून घ्यायचं असं बाबांनी बजावलेलं, पिवळा म्हणजे लाईट, निळा मिडियम, लाल हेवी. आम्ही निळा घेतला, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी. अख्खा वीस फूट, वजन पंधरा किलोच्या आसपास. दुकानदाराला म्हटलं तीन ठिकाणी कापून द्या, तर त्याने हात वर केले, "करंट ना. आयज जावचें ना, फाल्यां यो." उद्या या म्हणे. चवथीच्या आधीचे दिवस, दुकानात माणसांना उभं राहायला जागा नाही, त्याचंही चुकलं नाही. मी म्हटलं राहू दे, घरी कापते. बोलून गेले खरी. पाईप टेम्पोत तिरका घातला, मागे निघालेल्या शेंड्याला लेकीची लाल रिबन बांधली आणि निघालो.

आता खरी गोष्ट. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, बाहेर पाऊस धो धो, लाईट नाही, पण साडेपाचचा उजेड होता. पाईपच्या दोन टोकांखाली दोन प्लास्टिकची स्टुलं ठेवली, टेपने सात फूट मोजून पेनने एक रेघ मारली, बाबांच्या पेटीतली हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) घेतली आणि घासायला सुरुवात केली. बाबांची दुपारची झोप व्हायची होती म्हणून त्यांना उठवलं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं की येतं मला.

पहिली पाच मिनिटं पाईपच फिरत राहिला. मी रेघ वर आणायची, करवत टेकवली की रेघ खाली. मग लेकीला पाईपवर बसवलं. मग ब्लेड चालायला लागलं, चांगलं चालायला लागलं, मी खूश, आणि अर्ध्याच्या पुढे गेल्यावर जड व्हायला लागलं, मी अजून जोर केला, आणखी जड, आणि टण्ण करून ब्लेड तुटलं, आणि माझी मूठ पाईपवर आपटून दोन बोटांची सालं निघाली. काप बघितला तर वरून रेघेवर आणि खाली दीड-दोन सूत बाजूला. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारकामातलं माप, बाबा मिलिमीटर आणि सूत दोन्ही एकाच वाक्यात वापरतात, सवय होते.)

आवाजाने की काय, बाबा खाली आले. सोबत स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन. काही बोलले नाहीत, आधी माझी बोटं बघितली, मग तुटलेलं ब्लेड उजेडात धरून नखाने त्यावरून रेघ ओढली. "अगं, हे अठराचं."

तर ब्लेडला नंबर असतो, एका इंचात किती दात तो. चौदा, अठरा, चोवीस, बत्तीस. जाड भरीव लोखंडाला कमी दात, पातळ पत्र्याला जास्त. नियम असा की कापताना ब्लेडचे निदान तीन दात एका वेळी लोखंडावर बसलेले पाहिजेत. आमच्या पाईपची जाडी ३.२ मिलिमीटर. चोवीसच्या ब्लेडचे दात साधारण एकेक मिलिमीटरवर, म्हणजे तीन बसले. अठराचे दात जवळजवळ दीड-दीड मिलिमीटरवर, म्हणजे जेमतेम दोन, मग दोन दातांच्या खाचेत पाईपची कड अडकते आणि एकतर दात उडतो नाहीतर ब्लेड. पाईपला सुरुवातीला हे कळत नाही, कारण वरच्या गोलाईवर ब्लेड आडवं पसरून चालतं, बरेच दात लागलेले असतात. जसजसं खाली जाल तसतशा दोन्ही बाजूंच्या नुसत्या भिंती कापायच्या उरतात आणि तिथे हा तीन दातांचा हिशेब लागतो. मला आधी छान वाटत होतं आणि मग जड झालं, त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण ती दोन स्टुलं. पाईप दोन्ही टोकांना टेकलेला आणि मी मधे कापतेय, म्हणजे जसजसा काप खोल जातो तसतसा पाईप मधे खाली बसतो आणि कापाचं तोंड वरून मिटत जातं, ब्लेड चिमटीत सापडतं. बाबांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं, पंजे जोडून, कोपरं वर करून, मधे लेकीचं बोट पकडून. ती हसली, मला हसू आलं नाही.

लेकीला चोवीसची दोन ब्लेडं आणायला पिटाळलं, बायमेटलची सांगितली, ती वाकतात पण पटकन तुटत नाहीत. तोपर्यंत बाबांनी मला करवतीला हातच लावू दिला नाही. एक तास, खोटं नाही सांगत, जवळजवळ एक तास आम्ही नुसता पाईप कसा धरायचा ते करत होतो. मला वाटलेलं कापायचं म्हणजे दंडात जोर पाहिजे. बाबांचं म्हणणं, फिटर नवीन पोराला आधी व्हाईस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) आवळायला शिकवतो, करवत मग. त्यांनी आईंच्या आदोळीचं उदाहरण दिलं. नारळ किसताना तुम्ही आदोळीच्या पाटावर बसता म्हणून ती हलत नाही, सगळं अंगाचं वजन तिच्यावर, मग हाताने नुसतं फिरवायचं. पाट हलायला लागला तर अर्धा नारळ आणि अर्धं बोट.

व्हाईस आमच्याकडे नाही. वॉचमनचं लाकडी बाकडं होतं. पाईप बाकड्यावर लांबीत ठेवला, कापायची खूण बाकड्याच्या कडेच्या बाहेर चार बोटं, जास्त नाही, जास्त बाहेर काढला की पाईप थरथरतो आणि दात उड्या मारतात. पाईपखाली दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी सरकवल्या म्हणजे लोळणार नाही. मग जुन्या सायकल ट्यूबची उभी चिरलेली पट्टी पाईप आणि बाकडं मिळून चार-पाच वेढे ओढून गुंडाळली. हे रबर जबरदस्त आहे, सुतळीने पाईप फिरतोच, रबराने जागचा हलत नाही. वर त्यात एक लाटण्याएवढं दांडकं घालून पीळ दिला आणि दांडकं बांधून टाकलं. मी पाईप फिरवून बघितला, फिरला नाही. बाबांनी बघितला, थोडा फिरला. परत सोडून परत बांधला. कापलं की सुटणारं टोक लेकीने हातात धरायचं, उचलायचं नाही, दाबायचं नाही, पडू मात्र द्यायचं नाही, कारण शेवटच्या धाग्यावर ते लटकलं की कड फाटते.

मग खूण. पेनची एक रेघ म्हणजे खूण नव्हे, ती पाईपच्या एकाच बाजूला असते, मागे काय चाललंय ते तिला कुठे माहीत. सरळ कडेचा कागद पाईपभोवती घट्ट गुंडाळायचा आणि त्याची कड स्वतःवरच बरोबर चढली की ती कड पाईपला काटकोनात असतेच, गुण्या लागत नाही. कागद जरा जाडसर पाहिजे. कालनिर्णयचं ऑगस्टचं पान मी फाडणार होते, महिना संपलेला, तर आई वरून बाल्कनीतून ओरडल्या, मागे पाककृती आहे! जुलैचं न्या. जुलैचं नेलं. गुंडाळलं, कडेने लेकीच्या मार्करने गोल रेघ मारली, आणि त्या रेघेवर त्रिकोणी कानशीने वरच्या बाजूला एक बारीक खाच पाडली. ही खाच विसरू नका, नाहीतर ब्लेड पहिल्या दोन-तीन हातांत गुळगुळीत जस्तावर घसरतं आणि पाईपवर ओरखडे, किंवा अंगठ्यावर.

ब्लेड लावताना दात पुढच्या बाजूला, मुठीपासून लांब जाणारे. हॅक्सॉ ढकलताना कापते, ओढताना नाही. ओढताना दाबलं तर दात बोथट होण्याशिवाय काही होत नाही. विंग नट आवळून ब्लेडला टिचकी मारली की टण् वाजलं पाहिजे, थप् वाजलं तर ढिलं, आणि ढिलं ब्लेड वाकडं जातं. माझा पहिला काप वाकडा गेला त्यात ह्याचाही हात होता.

आणि लय. मी घाईघाईत घासत होते. बाबा म्हणाले मिनिटाला चाळीस-पन्नास हात, बास. अख्खं ब्लेड वापरायचं, मधल्या चार इंचांवर खेळत बसायचं नाही. घुमट आरती सुरुवातीला कशी संथ असते, तशी. फक्त आरतीसारखी पुढे लय चढवायची नाही! खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसले होते, आणि मी चुकले की बोटं थांबायची. गंमत म्हणजे ठेका धरताना त्यांचा हात थरथरत नव्हता. वरून थेंब थेंब तेल, आमच्याकडे खोबरेल होतं तेच घातलं, मशीन ऑइल असेल तर ते घाला. पार्किंगभर खोबरेल आणि लोखंडाचा असा विचित्र वास.

वरची भिंत कापून ब्लेड आत डोकावलं की थांबायचं, पट्टी सोडून पाईप थोडा फिरवायचा, परत आवळायचा, आणि जुन्या कापाला धरून पुढे. म्हणजे दरवेळी ब्लेड रेघ बघत बघत जातं, एका दमात वरून खाली गेलं तर खालची बाजू आंधळी. हे करायला वेळ लागतो, कंटाळा येतो, पण दुसरा काप मला दहाएक मिनिटांत निघाला आणि गुळगुळीत निघाला. बाबांनी कापलेलं टोक फरशीवर उभं ठेवलं. पाईप सरळ उभा राहिला. मी फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला.

पहिल्या वाकड्या कापाचं काय? इथे बाबांचा जुना हिशेब कामाला आला, जो मी आधी ऐकूनही नीट ऐकला नव्हता. नवीन जीआय पाईपच्या दोन्ही टोकांना कंपनीचे आटे असतात. म्हणून खांब दोन्ही टोकांकडून कापायचे, सात फूट इकडून, सात फूट तिकडून, म्हणजे आटे असलेली टोकं वर एल्बोत जातील आणि कापलेली टोकं खाली डब्यात, जिथे वाकडी की सरळ कुणी बघत नाही. मधे उरले सहा फूट, त्यातला एक फूट चुकायला. वाकडी बाजू त्या फुटात गेली. नवीन माणूस पहिला काप चुकणार हे त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यातच धरलं होतं.

तिसऱ्या कापाच्या मधेच लाईट आली आणि दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी चार इंची ग्राइंडर घेऊन आले, कशाला त्रास घेताय, दोन मिनिटांचं काम. खरंय, दोन मिनिटांचंच आहे. पण त्यांच्या ग्राइंडरचा गार्ड काढलेला होता, आणि ती चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरते, फुटली तर कुठे जाईल सांगता येत नाही. बाबांनी चकतीच्या मधल्या धातूच्या रिंगवर छापलेली तारीख वाचून दाखवली, तिची मुदत संपलेली. शेजाऱ्यांना माहीतच नव्हतं की चकतीला एक्सपायरी असते (मला पण नव्हतं). शिवाय बाजूला गाड्या. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण, ते गाडीच्या रंगात आणि काचेत जाऊन रुततात, मग पावसात गंजून बारीक ठिपके उठतात. शेजारी समजूतदार, उलट खुर्ची आणून बाबांच्या बाजूला बसले, आणि मग दोघं मिळून मला सांगायला लागले.

कापून झालं म्हणजे झालं असं नाही. आतल्या कडेला बर राहते, बोट कापेल अशी धार. ती गोल कानशीने आतून आणि चपट्या कानशीने बाहेरून काढली. पाण्याच्या लाईनला तर हे करायलाच पाहिजे, नाहीतर पाणी अडतं आणि कचरा तिथेच साठतो. प्लंबरचा चाकवाला पाईप कटर झटपट आणि सरळ कापतो, पण तो कड आत दाबतो, त्यामुळे आतली बर हॅक्सॉपेक्षा जास्त येते. लोखंडाचा भुसा झाडूने काढलात तर फरशीच्या खाचेत उरतो आणि दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. लेकीने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं आणि मग पिशवी उलटी केली, सगळं एका जागी. हे तिला यूट्यूबने शिकवलं, आम्ही नाही.

गुरुवारी सकाळी पाच फुटी तुकडा घेऊन स्कूटरवरून परत त्याच दुकानात, लेक मागे पाईप भाल्यासारखा धरून. दोन्ही टोकांना आटे पाडून घेतले. आटे पाडणाऱ्याने डाय चढवायच्या आधी टोकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कोणें कापला?" मी म्हटलं मी. त्याने परत अंगठा फिरवला. बस, एवढंच. टोक वाकडं असतं तर डाय तिरकी बसते आणि एल्बो तिरका जातो, त्याने काही म्हटलं नाही म्हणजे ठीक होतं असं मी समजले.

कापलेल्या टोकांवर जस्त नसतं, नुसतं उघडं लोखंड. गोव्याच्या पावसाळ्यात ते किती टिकतं? बुधवारी संध्याकाळी कापलेला तो वाया गेलेला फूटभर तुकडा शुक्रवारी सकाळी टोकाला नारिंगी झाला होता. खांबांच्या खालच्या टोकांना झिंक प्राइमर लावला.

(पडद्याचे पातळ स्टीलचे रॉड कापायचे असतील तर बत्तीसचं ब्लेड घ्या आणि आत बसेल असं झाडूचं दांडकं घाला, नाहीतर बांधतानाच चेपतो. ॲल्युमिनियम दातांत भरून बसतं, ब्लेडला मेणबत्ती घासा. विचारणारच होतात, म्हणून.)

शुक्रवारी संध्याकाळी, हरतालिकेचा दिवस, नवरा आला तोवर गोलपोस्ट उभा होता. चौकट चार दोऱ्यांनी आडव्याला टांगली, खांब एका बाजूने खिडकीच्या ग्रिलला बांधले. बाजारातून आणलेली कवंडळं, घागऱ्या, शिपटी, सगळं आईंनी एकेक करून बांधलं, आंब्याचे टाळे एवढे की पाईप दिसेनासा झाला. बाबांनी पाणसळ ठेवली आडव्या पाईपवर. बुडबुडा डावीकडे. माझे काप परत मोजले, दोन्ही खांब सारखे. चूक डब्यांची निघाली, मुलांनी दोन वेगळ्या दिवशी भरले असणार, एकाचं काँक्रीट दुसऱ्यापेक्षा सूतभर कमी. जुलैचं कालनिर्णय सहा-सात घड्या घालून त्या डब्याखाली सरकवलं आणि बुडबुडा मधे आला.

शनिवारी गणपती बसले, आरती झाली, आणि दुपारी आई स्वयंपाकघरातून विचारत होत्या, त्या जुलैच्या पानामागे पण एक पाककृती होती, कुठे ठेवलंय ते?